वरची की खालची?

माझ्या कवळीची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात माझी आंघोळ, वेणीफणी आणि शेजारणीशी एक भांडण उरकायचं. शेवटी सूनबाईने नवी हार्डडिस्क आणून बसवली. जुनी तशीच जोडलेली ठेवली, कारण तिच्यात आमच्या ह्यांचा आवाज होता. हे गेल्यापासून रोज जेवताना मी तो लावायचे. त्यात ते माझ्यावर ओरडायचे, "अगं, किती थापा मारशील!"

नवी सिस्टिम टाकताना स्क्रीनवर दोन्ही डिस्क दिसल्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. "वरचीच नवी," म्हणत सूनबाईने वरची निवडली आणि सगळं पुसून टाकायला सांगितलं. सिस्टिम बसली. मग तिने खालची उघडून पाहिली, तर ती कोरी करकरीत.

"आई... मी जुनीच पुसली हो. बाबांचा आवाज गेला." ती अशी रडायला लागली, की टेबलावरचा माउससुद्धा पोहायला लागला.

"रडतेस काय वेडे? मी तो कधीच पेनड्राइव्हमध्ये भरून घेतलाय. कपाटात असेल, शालीच्या घडीत. बघू सावकाश."

"तुम्ही पण ना आई! जीव गेला होता माझा," म्हणत ती डोळे पुसून हसली आणि चहा टाकायला उठली.


सूनबाईला सांगू नका, पण या सगळ्यात तो पेनड्राइव्ह तेवढी माझी थाप.