तीनशे वीसचा हट्ट

“एकशे अठ्ठावीस? त्यापेक्षा रिकाम्या डब्यात चार खडे घालून दे तिला. बसेल बिचारी वाजवत!” कानसेन कडाडले.

सून लॅपटॉपवरून मानही वर न करता हसली. सासऱ्यांच्या आवाजाची तिला सवय होती. लाऊडस्पीकर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. कुठल्या स्पीकरचा कागद कुठे फाटलाय ते नुसतं ऐकून सांगायचे. गल्लीने त्यांना कानसेन ही पदवी बहाल केली होती, आणि त्यांनी ती भलतीच मनावर घेतली होती.

टेबलावर सासूबाईंसाठी आणलेला काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर पडला होता. उद्या सकाळी सासूबाई लेकीकडे निघणार होत्या. लेकीला जुळं झालं होतं, तेव्हा मुक्काम चांगला सहा महिन्यांचा. कानसेन जाणार नव्हते. दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही, दुकान कोण बघणार, ही कारणं त्यांनी इतक्यांदा उगाळली होती की कुणी विचारायचंच सोडून दिलं होतं. पण लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की बायकोला समोर बसवून ते गाणी लावत आले होते. आता तिकडे ही एकटी काय ऐकणार, या विचाराने गेले आठ दिवस त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. बोलून दाखवतील तर शपथ.

“बाबा, जागाच नाहीये हो,” सून म्हणाली. “मूळ आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या फ्लॅक फाइलींचं तर नावच काढू नका. तीनशे वीसच्या बिटरेटने भरलं तरी निम्मी गाणी बाहेर राहतात. एकशे अठ्ठावीसने सगळी बसतील.”

“राहू देत बाहेर. जी जातील ती धड जाऊ देत. फाइल लहान करायला बिटरेट कमी केलास की आधी बारीक आवाजांचा बळी जातो. झांजा ऐकल्यास का त्या? शेजारी कुणी चुळा भरतंय असं वाटतं!”

“पण आईंना कळणार आहे का फरक?”

झालं. कानसेनांच्या वर्मावरच बोट पडलं. “तिला? अगं, माझ्या हाताखाली तयार झालेला कान आहे तो! लाव पैज. तिला नाही कळलं तर खुशाल भर तुझं एकशे अठ्ठावीस.”

सासूबाई बॅग भरता भरता उठून आल्या. “आता काय नवीन मांडलंय?” असं म्हणत आपल्या रोजच्या खुर्चीत बसल्या. समोरच्या खुर्चीत कानसेन. सुनेने लॅपटॉप आपल्याकडे वळवला, मोठे स्पीकर जोडले आणि सासऱ्यांना दम दिला, “तुम्ही तोंडातून ब्रसुद्धा काढायचा नाही.” कानसेनांनी ओठ घट्ट मिटले.

झांजांनी सुरू होणारं त्यांचं लाडकं गाणं वाजलं. मग तेच पुन्हा वाजलं, एकदा एकशे अठ्ठावीसने, एकदा तीनशे वीसने. सासूबाई नेहमीसारख्या नवऱ्याकडे बघत ऐकत होत्या.

“दुसरं चांगलं,” त्या म्हणाल्या. बरोबर होतं.

सुनेने क्रम बदलला. “आता पहिलं.” तेही बरोबर. तिने गाणं बदललं, चकवायला एकच फाइल दोनदा लावली. “दोन्ही सारखीच आहेत की गं,” सासूबाई म्हणाल्या. सुनेने हात टेकले.

“बघितलंस?” कानसेन जागेवर मावेनात. “अजून एकदा लाव. थांब, डावा स्पीकर किंचित भुणभुणतोय, त्याची तार बघतो.” ते उठून बायकोच्या खुर्चीमागे गेले आणि स्पीकरपाशी उकिडवे बसले. सुनेने गाणं पुन्हा दोनदा वाजवलं. पहिल्या वेळी पहिल्याच झांजेला कानसेनांचं तोंड कडू झालं. एकशे अठ्ठावीस! शेंबडं पोरही ओळखेल.

“सांगा आई. पहिलं की दुसरं?”

 सासूबाईंनी मान वळवून मागे बघायचा प्रयत्न केला.

“अहो, समोर या ना जरा.”

“मी कशाला? गाणं स्पीकरमधून वाजतंय.”

“तुम्ही समोर नसलात तर मला कसं कळणार?”

सून हसायला गेली आणि मध्येच थांबली. कानसेन गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि पुढे येऊन उभे राहिले.

“म्हणजे गं?”

“म्हणजे काय! झांजा ऐकू येऊन मला कैक वर्षं झाली. नुसती धुमधुम येते, मधूनमधून शब्द. तुमचं नाक वाकडं झालं की समजायचं, हे वाईट. डोळे मिटले की चांगलं.”

“आणि बोलली नाहीस कधी?”

“काय बोलायचं? दिवसभर दुकानात राबून यायचात आणि हौसेने ऐकवायला बसायचात. हिरमोड झाला असता तुमचा.” त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग सुनेसमोर थोड्या लाजून म्हणाल्या, “शिवाय मला आवडतं हो. गाणं लागलं की तुम्ही कसे दिसता, ते तुम्हाला कुठे ठाऊक?”

कानसेनांना खरं तर रागवायचं होतं. एवढी वर्षं लपवलं म्हणून चांगलं फैलावर घ्यायचं होतं.  पण त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. टेबलावरचा प्लेअर उचलून हातात फिरवला आणि परत ठेवून दिला.

 सुनेने हळूच विचारलं, “बाबा, मग कितीने भरू? तीनशे वीस की एकशे अठ्ठावीस?”

“ते राहू दे,” कानसेन म्हणाले. “आधी माळ्यावरची माझी बॅग काढ.”