नेच्याचं सासरचं नाव

लग्नानंतर लेकीला कॉलेजात झाडापाल्याचं शिकवणाऱ्या सरांनी मासिक माझ्या मांडीवर ठेवलं. चित्रातल्या नेच्याचं पान इतकं पातळ, की त्याखालचं बोट दिसत होतं. धबधब्यामागच्या ओल्या कातळावर तो माझ्या लेकीला सापडला होता. गेल्या वर्षी तापानं ती गेली.

"मावशी, नेच्याला तिचंच नाव दिलंय," सर म्हणाले. "आधी घराण्याचं नाव, मग त्याचं स्वतःचं, अस्मिताए. शास्त्राच्या भाषेत, अस्मिताचा."

"ती अस्मिता सासरच्यांची! लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि माझी सगुणा पुसून टाकली. खोडा ते."

सर ओशाळले. "तिच्या कागदांवर तेच होतं, मावशी. आता छापलेलं नाव बदलता येत नाही. उद्या कुणी नेच्याला दुसऱ्या घराण्यात घातलं, तरी त्याचं स्वतःचं नाव त्याच्यासोबतच जातं. तसा नियम आहे."

"पाल्याला एवढा मान! मग हा नियम माझ्या पोरीच्या लग्नात कुठं शेण खात होता?"

 सरांनी मासिक उचलायला हात पुढं केला, तसं मी ते पदराखाली घेतलं.

"राहू द्या. बाकी तिचं सगळं सासरीच राहिलंय."