विरजण

"मिशीला काय लागलंय हो, वसेकर?" यानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दीडशे वर्षं गोठवून झोपवलेले वसेकर नुकतेच जागे झाले होते. त्यांनी मिशी चाचपली. वाळलेलं दही! निघताना आईने तळहातावर ठेवलेलं. "अगं, मी जंतुशास्त्रज्ञ आहे," असं कुरकुरत त्यांनी ते घाईघाईत चाटलं होतं, आणि गोठवण्याआधी मिशी काढायला बाणेदारपणे नकार दिला होता.

इकडे त्यांनी जन्मभर खपून बनवलेल्या विरजणाच्या कुप्या उघडल्या, तर एकीतही जीव नाही. गोठून उठलेली पोटं दह्याशिवाय अन्न पचवणार नव्हती. नव्या ग्रहावर पोचलेलं अख्खं यान उपाशी बसलं होतं.

"कात्री आणा," वसेकर म्हणाले. एवढं शिकून शेवटी उपयोगी पडलं काय, तर धड न धुतलेलं तोंड!

कापलेली मिशी कोमट दुधात पडली, आणि दुसऱ्या दिवशी दही कवडीसारखं लागलं. लोकांनी जयजयकार केला. "आमच्या घराण्याचं संशोधन आहे हे," वसेकरांनी ठोकून दिलं. पहिल्यांदाच त्यांची थाप खरी निघाली.

डॉक्टरीणबाईंनी दह्याची वाटी पुढे केली. वसेकरांनी ती घेतली नाही. त्यांनी तळहात पुढे केला.