जाळीबाहेरची

लेक कोंबड्यांच्या रोगाच्या विषाणूंवर काम करायची, म्हणून प्रयोगशाळेची सक्त ताकीद होती, घरच्या कोंबड्यांजवळही फिरकायचं नाही. "कोंबड्यांची डॉक्टरीण, आणि खुराड्यात पाय टाकत नाही," आई चिडवायची. मागच्या साथीत आईचं खुराडं ओस पडलं, तेव्हाही लेक जाळीबाहेरच उभी होती. आज तिनेच बनवलेली लस टोचायला माणूस आला, तरी तिची जागा तीच. शेजारीण धास्तावली. "रोगाचीच लस ना? कोंबड्या आजारी पडल्या तर?" "यात अख्खा विषाणू नाहीच," आई ऐटीत म्हणाली. "नुसता तुकडा. चोराची टोपी दाखवून ठेवायची, म्हणजे चोर आला की कोंबडी ओळखते." मागे फोनवर आपणच दिलेला दाखला आईच्या तोंडून ऐकून लेकीला हसू आलं. "पोर मात्र बिचारी बाहेरच राहिली," शेजारीण हळहळली. आईने पहिल्या कोंबडीचा पंख उचलून सुईसमोर धरला. "बाहेर कुठे? तीच तर आत चाललीय."