यादीतलं पहिलं नाव

गाडी दारात उभी होती, डबा भरून झाला होता आणि संतरामकाका ओट्यावरून हलायला तयार नव्हते.

"पोरगी म्हणते नवीन मशीन येऊन राहिलं. मग मी जुन्याखाली काहून झोपू?"

संपदाने जीभ चावली. काकांची ही पुतणी दूरच्या शहरात लेसरच्या प्रयोगशाळेत संशोधन करते, आणि काल जेवताना तिने काकांपुढे जरा जास्तच शेखी मिरवली होती. वर्खासारख्या पातळ पत्र्यावर लेसर मारायचा, त्यातून सुसाट सुटणारे कण नेमके कॅन्सरच्या गाठीत घुसवायचे. आज ज्या मशीनला अख्खी इमारत लागते, ते उद्या एका खोलीत मावेल. काका हातातला घास तसाच धरून ऐकत बसले होते.

काकांचा स्वभाव अख्ख्या पुसेगावाला पाठ आहे. नवीन मॉडेल येणार म्हणून त्यांनी चार वर्षं ट्रॅक्टर घेतला नाही, आणि ते आल्यावर त्याच्याही पुढचं येणार असं कळलं म्हणून पुन्हा थांबले. पण घशातली गाठ थांबणारी नव्हती. नांदेडच्या डॉक्टरांनी शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, तेहतीस खेपा सांगितल्या होत्या. पहिली आज होती.

"काका, त्याला अजून पंधरा वर्षं तरी लागतील हो!" संपदा रडकुंडीला आली.

"लागू दे. मला कुठं घाई हाय?"

"तुमाला न्हाई, गाठीला हाय!" द्वारकाकाकू आतून कडाडली.

विश्वंभर ड्रायव्हरने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला. काकू पिशवी घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघून एकदम नरम झाली. "बरं. संपदे, त्या मशीनला यांचा नंबर लाव."

काका सावरून बसले. "यादी हाय का तुमच्याकडं?"

संपदा क्षणभर गोंधळली. मग तिने पर्समधून वही काढली आणि कोऱ्या पानावर 'एक' घालून लिहायला लागली.

"आधार कार्डावर हाय तसंच लिही. न्हाई तर पुढं तकलीफ होते."

तिने तसंच लिहिलं. काकांनी पावती मागितली. तिने चिठ्ठीवर सही करून तीही दिली. काकांनी ती घडी करून खिशात घातली आणि समाधानाने भिंतीला टेकले.

"बसा असेच," काकू म्हणाली. "हळद शिजवायच्या सरकारी कुकरचा नंबर कसा गेला, इसरला का? सोडतीत पहिलं नाव पुकारलं, अन् तुमी चहा प्यायला गेल्ते. अर्जदार हजर न्हाई म्हणून कटला. आता पंधरा वर्षांनी पुकारतील, तवा हजर कोण राहील?"

काकांचा चेहरा पडला. तो कुकर त्यांना अजून सलत होता. त्यांनी खाली वाकून चपला शोधल्या आणि ते गाडीत जाऊन बसले.

काकू पदराने डोळे पुसत त्यांच्या शेजारी बसली. संपदा वही छातीशी धरून दारात उभी राहिली. आजवर तिच्या कामाची वाट बघणारं कुणीच नव्हतं.

गाडी वळता वळता काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"संपदे, मी बराबर हजर राहतो. उशीर तुझ्याकडून नको!"