बंड्याची चिप

कॅनडाला न्यायच्या आधी कुत्र्याला चिप बसवावी लागते, म्हणून वीरेशनं बंड्याला धारूरच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं. चार वर्षं बंड्याला सांभाळणारे वीरेशचे वडील, बसप्पा, कुणी न बोलावता मागोमाग आले. डॉक्टरांनी मानेत जाड सुई खुपसली तसा बंड्या केकाटला.

“कावून छळायलास बे मुक्या जीवाला?” बसप्पा खेकसले.

“तुमी मधी पडू नका, अप्पा. चिपच्या नंबरावर माझं नाव हाय. कुत्रं जगात कुटं बी हरवलं तरी कुणाचं हाय ते कळतंय.”

“आन् काढून फेकली तर?”

“निघत न्हाई. मरेपर्यंत अंगातच ऱ्हाती.”

बसप्पांनी लेकाची कॉलर धरून अशी ओढली की वरची दोन बटणं तुटून पडली. जन्मल्यावर स्वामींनी गळ्यात बांधलेलं, मरेपर्यंत उतरवायचं नसलेलं इष्टलिंग तिथं नव्हतं.

“डॉक्टर,” कॉलर न सोडता बसप्पा म्हणाले, “ह्याला बी एक टोचा.”