पणाला लावलेलं जाळं

“कोणाला पटायचं नाय,” असं बजावून नवापूरच्या खंडेरावांनी ओट्यावर बोंबील निवडणाऱ्या रंभाबाईंना गोष्ट सांगितली. माहीमच्या व्याह्याशी मोबाइलवर पोकर रंगला होता, पणाला दोघांची नवी जाळी. “समोरच्याची पानं दिसत नाय, पण पैज दिसते. चांगली पानं असली की माणूस दमानं लावतो, थाप मारायची असली की झटकन. व्याह्यानं पातं लवायच्या आत लावली. त्या घाईवरून मी त्याची पानंच काय, घरात शिजणारं कालवणसुद्धा ओळखलं. जिंकलो.” रंभाबाईंचा हात बोंबलावरच थांबला. सदतीस वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदा थक्क झालेली पाहून खंडेरावांची छाती फुगली. “मग दोन्ही जाळी कुठं…” “होडीत,” प्रश्न पुरा व्हायच्या आत खंडेराव म्हणाले. रंभाबाईंनी पुढचा बोंबील सावकाश उचलला. “तुमीपण झटकन लावलीत,” त्या म्हणाल्या. “आता दर्यात काय माझं लुगडं टाकणार?”